हिंसक कट्टरतावाद रोखण्याचे राष्ट्रीय धोरण: काळजी बोलून दाखवायची जागा आधी उभी करा

प्रश्न असा आहे: एखाद्या देशाच्या सरकारने हिंसक कट्टरतावादाला आळा घालण्यासाठी राष्ट्रीय धोरण तयार करायचे ठरवले, तर सुरुवात कुठून करावी, त्यात काय असावे आणि ते दप्तरात पडून राहू नये यासाठी काय करावे? अशी धोरणे तयार करणाऱ्या समित्यांबरोबर मी सल्लागार म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते आणि माझे मत आधीच सांगून टाकते. आपला मुलगा, विद्यार्थी, भाऊ किंवा सहकारी हिंसेच्या वाटेला लागतो आहे अशी शंका ज्याच्या मनात आली, त्या माणसाला ती शंका कोणाजवळ तरी मोकळेपणाने बोलता येते का, आणि बोलल्यामुळे ज्याची काळजी वाटते त्याचेच आयुष्य उद्ध्वस्त होणार नाही असा भरवसा त्याला वाटतो का, ही माझ्या दृष्टीने अशा धोरणाची खरी कसोटी आहे. व्याख्या, समित्या, निधी, प्रचारमोहिमा या सगळ्यांची रचना या प्रश्नाच्या उत्तराभोवती व्हावी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हा प्रश्न मसुद्याच्या शेवटच्या प्रकरणात, एखाद्या परिच्छेदापुरता येतो.

आंतरराष्ट्रीय चौकट थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण कोणतीही समिती तिथूनच सुरुवात करते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने सप्टेंबर 2006 मध्ये जागतिक दहशतवादविरोधी धोरण स्वीकारले. त्याचे चार स्तंभ आहेत: दहशतवादाला पोषक ठरणाऱ्या परिस्थितीवर उपाय करणे, दहशतवाद रोखणे व त्याचा मुकाबला करणे, राष्ट्रांची क्षमता वाढवणे, आणि या सर्व प्रयत्नांचा पाया म्हणून मानवी हक्क व कायद्याचे राज्य जपणे. पुढील दहा वर्षांत दुसऱ्या व तिसऱ्या स्तंभावर भरपूर काम झाले, पहिला आणि चौथा मात्र मागे पडले. ही उणीव भरून काढण्यासाठी तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी जानेवारी 2016 मध्ये हिंसक कट्टरतावाद रोखण्याचा कृती आराखडा महासभेसमोर मांडला. त्यात सत्तरहून अधिक शिफारशी होत्या आणि प्रत्येक देशाने स्वतःचा राष्ट्रीय आराखडा करावा असे आवाहन होते. संवाद व संघर्षनिवारण, सुशासन व मानवी हक्क, समाजघटकांचा सहभाग, तरुणांचे सक्षमीकरण, स्त्री-पुरुष समानता, शिक्षण व रोजगार, आणि इंटरनेटसह संवादमाध्यमे अशी सात प्राधान्यक्षेत्रे त्यात सुचवलेली होती.

अनेक देशांनी ही सात क्षेत्रे उचलून त्यांचीच सात प्रकरणे केली. त्यामुळे दस्तऐवज लवकर तयार होतो, परंतु तो कोणत्याही देशाचा वाटू शकतो. सात क्षेत्रांची ती यादी तपासणीसाठी उपयोगी आहे. आपल्याकडून काही सुटले का हे शेवटी पाहण्यासाठी ती वापरावी. धोरणाचा सांगाडा मात्र स्वतःच्या देशातील निदानावरून ठरला पाहिजे.

निदानाआधी व्याख्येचा प्रश्न येतो, आणि तो टाळण्याचा मोह फार मोठा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2016 च्या आराखड्याने हिंसक कट्टरतावादाची व्याख्या केलीच नाही; ती सदस्य राष्ट्रांवर सोपवली. या मोकळिकीचा काही सरकारांनी गैरफायदा घेतला आणि पत्रकार, विरोधी पक्षांचे कार्यकर्ते, अल्पसंख्याकांच्या संघटना यांनाही ‘कट्टर’ या शिक्क्याखाली आणले. मानवी हक्क व दहशतवादप्रतिबंध या विषयावरील संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी 2020 मध्ये मानवी हक्क परिषदेला दिलेल्या अहवालात या संदिग्धतेवर कठोर टीका केली आहे. माझा आग्रह असा असतो की व्याख्येची सीमारेषा हिंसेवरच आखावी: राजकीय, धार्मिक, वांशिक किंवा अन्य वैचारिक उद्दिष्टासाठी हिंसा करणे, तिला प्रत्यक्ष मदत करणे किंवा तिच्यासाठी चिथावणे. एखाद्याचे मत कितीही टोकाचे असो, त्याची उपासनापद्धती, पेहराव, सरकारवरील राग किंवा समाजापासून अलिप्त राहणे या गोष्टी व्याख्येच्या बाहेर राहतील असे धोरणात स्पष्ट शब्दांत लिहावे. चिथावणी कशाला म्हणायचे यासाठी द्वेषाच्या चिथावणीबाबतच्या, संयुक्त राष्ट्रांच्या 2012 च्या रबात कृती आराखड्यातील सहा निकष हाताशी आहेत: संदर्भ, बोलणाऱ्याचे स्थान, हेतू, मजकूर व त्याचा प्रकार, प्रसाराची व्याप्ती, आणि हानी होण्याची शक्यता व तिची निकटता. हे सहाही निकष एकत्र लावल्यावर बेजबाबदार बोलणे आणि गुन्हा ठरावी अशी चिथावणी यांतला फरक बराच स्पष्ट होतो.

व्याख्येवर इतका वेळ का घालवायचा, असे गृह खात्याचे अधिकारी मला हमखास विचारतात. कारण ज्या शिक्षिकेला आपल्या विद्यार्थ्याची काळजी वाटते, तिला नेमके कशाबद्दल बोलायचे आहे हे माहीत असावे लागते. व्याख्या सैल असेल तर ती एक तर काहीच बोलत नाही, किंवा अंगावर बालंट येऊ नये म्हणून सगळेच कळवून टाकते. दोन्ही परिस्थितींत ज्या मुलाला खरोखर मदत हवी आहे, तो निसटतो.

आता निदान. माझ्या अनुभवात सर्वाधिक धोरणे इथेच कमकुवत राहतात, कारण उत्तर आधीच ठरलेले असते: गरिबी, बेरोजगारी, चुकीची धार्मिक शिकवण, इंटरनेट. यांपैकी प्रत्येक घटकात तथ्य आहे, पण कोट्यवधी गरीब आणि बेरोजगार माणसे कधीही शस्त्र उचलत नाहीत, त्यामुळे केवळ या घटकांवरून काहीच ठरत नाही. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने आफ्रिकेत केलेले काम या बाबतीत डोळे उघडणारे आहे. सशस्त्र गटांत स्वतःहून सामील झालेल्या लोकांशी प्रत्यक्ष बोलून तयार केलेला पहिला अहवाल 2017 मध्ये आला, आणि आठ देशांतील सुमारे 2,200 मुलाखतींवर आधारलेला दुसरा 2023 मध्ये. दुसऱ्या अहवालात स्वतःहून सामील झालेल्यांपैकी 25 टक्के लोकांनी कामधंदा मिळण्याची आशा हे मुख्य कारण सांगितले. धर्म हे कारण 17 टक्क्यांनी सांगितले. त्याहून महत्त्वाची गोष्ट दोन्ही अहवालांत पुन्हा पुन्हा दिसते. 2017 च्या अहवालात 71 टक्के लोकांनी सांगितले की सामील होण्याचा निर्णय ज्या घटनेमुळे पक्का झाला, ती सरकारी कारवाई होती, म्हणजे बहुधा कुटुंबातील व्यक्तीची किंवा मित्राची हत्या वा अटक.

हे आकडे आफ्रिकेतील, सहाराच्या दक्षिणेकडील, सशस्त्र संघर्ष चाललेल्या प्रदेशांतील आहेत, आणि ते उचलून दुसऱ्या देशाच्या धोरणात चिकटवणे चूक होईल. नॉर्वेमध्ये 22 जुलै 2011 रोजी 77 माणसांचा बळी घेणारा आणि न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे 15 मार्च 2019 रोजी दोन मशिदींत 51 जणांना ठार मारणारा, हे दोघेही एकटे होते, सरकारी दडपशाहीचे बळी नव्हते आणि उपासमारीने गांजलेलेही नव्हते. वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराने त्यांना तिथवर नेले. क्राइस्टचर्चच्या हल्ल्यानंतर नेमलेल्या शाही चौकशी आयोगाने 2020 च्या अहवालात नमूद केले की देशाच्या दहशतवादविरोधी यंत्रणेची साधनसामग्री इस्लामी कट्टरतावादाच्या धोक्यावर अवाजवी प्रमाणात एकवटली होती. अर्थात याच कारणाने हा हल्ला आधी लक्षात आला नाही असे मात्र आयोगाने म्हटले नाही. यातून धोरणकर्त्यांनी घ्यायचा बोध सरळ आहे. निदान सर्व विचारसरणींचे असले पाहिजे, आणि ते जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे असले पाहिजे. देशाच्या सीमावर्ती भागात शस्त्रधारी गट तरुणांना पगार देत असतील आणि राजधानीत एखादा विद्यार्थी बंद खोलीत संगणकासमोर द्वेष मुरवत बसला असेल, तर दोघांसाठी एकच कार्यक्रम चालणार नाही.

निदानाचे काम केवळ गुप्तचर खात्याकडे देऊ नये. त्यांची माहिती आवश्यक असते, परंतु ती कृत्य करणाऱ्यांबद्दल असते. जे त्या वाटेवर गेले आणि परतले, किंवा गेलेच नाहीत, त्यांच्याबद्दल त्यांच्याकडे फारसे काही नसते. माझ्या मते सर्वांत शिकवून जाणारी तुलना हीच: एकाच वस्तीतले, एकाच शाळेतले, सारख्याच अपमानाला सामोरे गेलेले दोन भाऊ, आणि त्यांतला एकच का गेला? हे समजण्यासाठी विद्यापीठांतील स्वतंत्र अभ्यासक लागतात, तुरुंगांत मुलाखती घेण्याची परवानगी लागते, कुटुंबांशी अनेकदा बसून बोलावे लागते, आणि मुलाखत देणाऱ्याने सांगितलेले खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरले जाणार नाही अशी लेखी हमी लागते. ही हमी न देता केलेल्या मुलाखतींतून सरकारला जे ऐकायचे असते तेच ऐकू येते.

आणि निदानात राज्ययंत्रणेचे स्वतःचे वर्तन तपासले गेलेच पाहिजे. हे वाक्य मसुद्यात टिकवण्यासाठी मला दरवेळी सर्वाधिक वाद घालावा लागतो. आफ्रिकेतील आकडे दुसरीकडे लागू होत नसले तरी प्रश्न सगळीकडे लागू होतो: आपल्या पोलिसांच्या झडतीमुळे, सामूहिक अटकांमुळे, वर्षानुवर्षे खटल्याविना चाललेल्या कोठडीमुळे, एखाद्या भागातील माणसांना तपासनाक्यांवर रोज होणाऱ्या मानहानीमुळे भरती करणाऱ्यांचे काम सोपे होत आहे का? उत्तर ‘होय’ असेल, तर कोठडीत वकील मिळण्याची हमी, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची स्वतंत्र चौकशी, चुकून मारल्या गेलेल्या वा पकडल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना भरपाई आणि जाहीर दिलगिरी हे सगळे प्रतिबंधाचे उपाय ठरतात आणि त्यांना धोरणात जागा मिळाली पाहिजे. रोजगार मेळावा आणि फुटबॉल स्पर्धा यांच्यावर खर्च करायचा आणि या गोष्टींना हात लावायचा नाही, असे ज्या देशांनी केले, तिथे प्रतिबंधाचा कार्यक्रम लोकांनी मनावर घेतला नाही, आणि त्यात लोकांची चूक नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे येते: काळजी वाटणाऱ्या माणसाने जायचे कुठे? या बाबतीत वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळे मार्ग निवडले आणि त्यांची तुलना करण्याइतका काळ आता लोटला आहे.

ब्रिटनची दहशतवादविरोधी योजना 2003 मध्ये तयार झाली आणि 2006 मध्ये जाहीर झाली. तिच्या चार भागांपैकी ‘प्रिव्हेंट’ हा भाग प्रतिबंधाचा. 2015 च्या कायद्याने शाळा, विद्यापीठे, रुग्णालये, तुरुंग व स्थानिक प्रशासन यांच्यावर असे कायदेशीर कर्तव्य टाकले की लोक दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याची त्यांनी योग्य ती दखल घ्यावी. कळवलेल्या प्रकरणांची छाननी होते आणि त्यांतील काहींना ‘चॅनेल’ या कार्यक्रमातून, संबंधित व्यक्तीच्या संमतीने, मदत दिली जाते. या व्यवस्थेचे गुण आहेत: ती देशभर पोहोचली आहे, तिची आकडेवारी दरवर्षी जाहीर होते, आणि मदत ऐच्छिक आहे. परंतु शिक्षक आणि डॉक्टर यांच्यावर कायद्याने कर्तव्य टाकल्यामुळे त्यांच्याशी बोलणाऱ्यांच्या मनात संशय निर्माण झाला, विशेषतः मुस्लिम समाजात, आणि कळवलेल्या प्रकरणांतील बहुतांश ‘चॅनेल’पर्यंत पोहोचतच नाहीत, हेही त्या आकडेवारीत दिसते.

यामागचे गणित धोरणकर्त्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावे असे मी नेहमी सुचवते. समजा, दहा लाख लोकसंख्येच्या शहरात खरोखर धोकादायक माणसे 100 आहेत आणि ती ओळखण्याची आपली पद्धत 99 टक्के अचूक आहे. इतकी अचूक पद्धत जगात अस्तित्वात नाही, पण तसे धरून चालू. ती पद्धत 100 पैकी 99 जणांना ओळखेल. त्याच वेळी उरलेल्या 9,99,900 निरपराध लोकांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे 9,999 जणांवर ती चुकीचा ठपका ठेवेल. म्हणजे ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले त्यांच्यातील दर शंभरांमागे सुमारे नव्व्याण्णव निर्दोष. ‘दाढी वाढवली, मित्र बदलले, अबोल झाला’ अशा लक्षणांच्या याद्या शाळांना वाटणाऱ्यांनी या हिशेबाचे उत्तर दिल्याशिवाय त्या वाटू नयेत. अशा चुकीच्या ठपक्यांची संख्या कधीच शून्यावर येणार नसल्यामुळे, चुकून पुढे आलेल्या मुलाचे काय होते हाच निर्णायक प्रश्न ठरतो. त्याला एका समंजस समुपदेशकाशी दोन वेळा बोलावे लागले आणि प्रकरण कोणत्याही नोंदीशिवाय मिटले, तर फारशी हानी झाली नाही. त्याचे नाव पोलिसांच्या संगणकात गेले आणि पुढे नोकरीच्या वेळी वर आले, तर त्या कुटुंबाने, त्या गल्लीने आणि त्या शाळेने पुन्हा कधीही तोंड न उघडण्याचा धडा घेतला असे समजावे.

डेन्मार्कमधील ऑर्हस शहराने 2007 च्या सुमारास सुरू केलेले काम मला अधिक जवळचे वाटते. तिथे शाळा, समाजकल्याण विभाग आणि पोलीस यांच्या सहकार्याची परंपरा 1970 च्या दशकापासून होती, बालगुन्हेगारी रोखण्यासाठी. तीच चाकोरी कट्टरतावादासाठी वापरली गेली: पालकांना सल्ला, तरुणाला एक प्रशिक्षित मार्गदर्शक, घर, शिक्षण व नोकरीसाठी मदत. सीरियातील युद्धात जाऊन परतलेल्यांनाही, ज्यांच्याविरुद्ध गुन्ह्याचा पुरावा नव्हता त्यांना, याच मार्गाने सामावून घेतले. जगभर या मार्गदर्शकांची चर्चा झाली, परंतु माझ्या मते खरे महत्त्व त्यामागील कायद्याला आहे. डेन्मार्कच्या न्यायप्रशासन कायद्याचे कलम 115 पोलीस, समाजकल्याण विभाग व शाळा यांना गुन्हेप्रतिबंधासाठी व्यक्तिगत माहितीची देवाणघेवाण करू देते, आणि त्याच कलमात ही माहिती गुन्ह्याच्या तपासासाठी देता येणार नाही असे बंधन आहे. मदतीचा कागद तपासाच्या फायलीत जाणार नाही, हे तिथे कोणा सज्जन अधिकाऱ्याच्या शब्दावर अवलंबून नाही.

जर्मनीने दुसरी वाट घेतली. तिथे स्थलांतर व निर्वासित विषयक संघराज्य कार्यालयाने 2012 मध्ये कट्टरतावादाबाबत सल्ला देणारी दूरध्वनीसेवा सुरू केली. फोन आई-वडील, शिक्षक, मित्र करतात. प्राथमिक बोलणे झाल्यावर प्रकरण त्यांच्या भागातील सल्लाकेंद्राकडे सोपवले जाते, आणि ही केंद्रे बऱ्याच अंशी स्वयंसेवी संस्था चालवतात. फिनलंडमध्ये पोलीस, समाजसेवक, आरोग्यसेवक आणि युवाकार्यकर्ते यांची स्थानिक संयुक्त पथके आहेत, जी कौटुंबिक हिंसा आणि किशोरवयीनांचे गुन्हेही हाताळतात, त्यामुळे त्यांच्या दारात जाणाऱ्यावर ‘दहशतवादी’ हा ठसा बसत नाही. हा मुद्दा छोटा दिसतो, पण मोठा आहे: मदतीचे दार शक्यतो असे असावे, ज्यातून लोक इतर कामांसाठीही ये-जा करतात.

तर राष्ट्रीय धोरणात या दाराविषयी नेमके काय लिहावे? पहिला फोन पोलिसांकडे जाणार नाही. प्रकरणाची फाइल कोणत्या खात्याकडे राहील ते खात्याच्या नावासह लिहावे. माझी पसंती आरोग्य किंवा समाजकल्याण खात्याला आहे. गोपनीयता केव्हा मोडता येईल याची मर्यादा कायद्यात लिहावी, आणि ती ‘जिवाला निकटचा आणि ठोस धोका’ इतकीच अरुंद असावी. ‘चिंताजनक वर्तन’ असे शब्द तिथे येऊ देऊ नयेत. मर्यादा ओलांडली गेली आहे हे एका माणसाने नव्हे, दोन वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसांनी मिळून आणि लेखी कारणांसह ठरवावे. मदत ऐच्छिक असावी. फाइल किती काळानंतर नष्ट होईल ते ठरलेले असावे, अल्पवयीनांसाठी तो काळ आणखी कमी असावा. आपल्याबद्दल कोणी काय कळवले हे जाणून घेण्याचा आणि दुरुस्तीचा मार्ग व्यक्तीला असावा. आणि फोन करणाऱ्या आईला पहिल्याच मिनिटात, तिने काहीही नाव घेण्याआधी, हे सगळे नियम सोप्या शब्दांत सांगितले जावेत. काही धोरणांत मातांना ‘पहिली संरक्षक फळी’ म्हटलेले मी वाचते तेव्हा अस्वस्थ होते. सुरक्षा परिषदेच्या 2015 च्या ठराव क्रमांक 2242 ने या क्षेत्रात स्त्रियांच्या नेतृत्वाचा आग्रह धरला, तो योग्यच आहे. पण निर्णयाच्या टेबलावर स्त्रियांना जागा न देता त्यांना घरातल्या मुलांवर नजर ठेवायला सांगणे हा त्या ठरावाचा अर्थ नव्हे, आणि त्याने त्या स्त्रियांच्या जिवालाही धोका होऊ शकतो.

धोरणाची मालकी कोणाकडे असावी, यावर बैठकांत खूप शक्ती खर्च होते. व्यवहारात गृह किंवा अंतर्गत सुरक्षा मंत्रालयाला बाहेर ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये, कारण ज्या यंत्रणेकडे बळ आहे तिची संमती नसेल तर कोणतीही हमी टिकत नाही. पण लेखणी एकट्या त्या मंत्रालयाच्या हाती असू नये. सहअध्यक्षपद शिक्षण, आरोग्य किंवा समाजकल्याण मंत्रालयाकडे असावे आणि ज्या राज्यांनी, जिल्ह्यांनी वा पालिकांनी प्रत्यक्ष काम करायचे आहे, ती मसुद्याच्या पहिल्या बैठकीपासून सोबत असावीत. स्वित्झर्लंडचा डिसेंबर 2017 चा राष्ट्रीय आराखडा संघराज्य, कँटन (म्हणजे तिथली घटक राज्ये), नगरे आणि ग्रामपालिका यांनी एकत्र बसून तयार केला. त्यात मोजके 26 उपाय होते आणि कोणता उपाय कोणी करायचा हे स्पष्ट होते. केनियाने 2016 मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर केले. गारिसा विद्यापीठावर 2 एप्रिल 2015 रोजी झालेल्या हल्ल्यात 148 जणांचा बळी गेला होता, त्याची ताजी जखम त्यामागे होती. परंतु कामाला आकार आला तो क्वाले, मोम्बासा, लामू अशा किनारपट्टीवरील परगण्यांनी स्वतःचे आराखडे केले तेव्हा, कारण भरती कोणत्या बंदरात, कोणत्या वस्तीत होते हे तिथल्या लोकांना ठाऊक होते.

सल्लामसलतीबद्दल एवढेच सांगते की ‘समाजाचे प्रतिनिधी’ म्हणून नेहमीचेच ज्येष्ठ धर्मगुरू आणि संस्थाप्रमुख बोलावले जातात, आणि ज्या तरुणांबद्दल धोरण आहे त्यांचा या ज्येष्ठांवर बहुधा मुळीच विश्वास नसतो. सुरक्षा परिषदेने 2015 च्या ठराव क्रमांक 2250 द्वारे शांतता व सुरक्षेच्या निर्णयांत तरुणांच्या सहभागाचा पुरस्कार केला आहे. त्याचा सोपा अर्थ असा की त्यांना मसुदा पूर्ण झाल्यावर टाळ्या वाजवायला बोलावू नये. प्राथमिक टिपण त्यांच्या हाती द्यावे आणि त्यांनी खोडलेल्या वाक्यांचे काय केले ते त्यांना लेखी कळवावे.

प्रतिप्रचार आणि इंटरनेट या विषयांवर मी थोडक्यातच बोलणार आहे, कारण त्यांना धोरणांत त्यांच्या उपयोगापेक्षा जास्त जागा मिळते. सरकारी शिक्का असलेला शांततेचा संदेश ज्याच्यासाठी असतो, त्याला तो पटत नाही. त्यापेक्षा हिंसक गट सोडून आलेल्यांचे आणि हल्ल्यांत आप्त गमावलेल्यांचे अनुभव, त्यांच्या इच्छेने आणि त्यांच्याच शब्दांत, लहान गटांत ऐकवणे अधिक उपयोगी पडते. समाजमाध्यमांच्या कंपन्यांशी बोलण्यासाठी मे 2019 मध्ये न्यूझीलंड आणि फ्रान्स यांच्या पुढाकाराने झालेले ‘क्राइस्टचर्च आवाहन’ हे एक सामाईक व्यासपीठ आहे; एकट्या लहान देशाला या कंपन्या दाद देत नाहीत, म्हणून अशा व्यासपीठांत सामील व्हावे. शाळांमध्ये वेगळा ‘कट्टरताविरोधी’ तास ठेवण्यापेक्षा वादग्रस्त विषयांवर वर्गात सुरक्षितपणे चर्चा कशी घडवायची याचे प्रशिक्षण शिक्षकांना द्यावे.

परतण्याची वाट मात्र सविस्तर लिहिली पाहिजे. जर्मनीत 2000 मध्ये एका माजी पोलीस अधिकाऱ्याने आणि नवनाझी चळवळ सोडून आलेल्या एका माणसाने मिळून ‘एक्झिट’ ही संस्था उभी केली. स्वीडनमध्ये तशीच संस्था 1998 मध्ये सुरू झाली होती. त्यांच्या कामातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: गट सोडणाऱ्याला विचारांच्या खंडनाआधी राहायला सुरक्षित जागा, कर्जातून सुटका, नवे मित्र आणि दिवसाला काही आकार देणारे काम लागते. विचार बहुधा नंतर बदलतात. तुरुंगातून सुटणाऱ्यांसाठी ही तयारी सुटकेच्या बऱ्याच आधी सुरू व्हावी आणि ज्या गावात तो जाणार त्या गावाशीही बोलणे व्हावे. नायजेरियाने 2016 मध्ये बोको हराम या सशस्त्र गटाच्या माजी सदस्यांसाठी पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा अनेक गावांनी त्यांना परत घेण्यास नकार दिला, आणि तो समजण्यासारखा होता: ज्यांची घरे जळाली त्यांना काही मिळण्याआधी जाळणाऱ्यांना प्रशिक्षण आणि साहित्य मिळताना दिसत होते. बळी पडलेल्यांसाठीची तरतूद पुनर्वसनाच्या आधी किंवा किमान सोबत असावी. कोसोवोने एप्रिल 2019 मध्ये सीरियातून आपले 110 नागरिक परत आणले. त्यांत 74 मुले होती. संशयित लढवय्यांवर कायदेशीर कारवाई आणि मुलांसाठी शाळा, आरोग्य व मानसिक आधार अशा दोन्ही गोष्टी तिथे एकाच वेळी हाताळल्या गेल्या. इतक्या लहान आणि श्रीमंत नसलेल्या देशाने ते केले, हे ‘आपल्याकडे साधने नाहीत’ म्हणणाऱ्या मोठ्या देशांनी लक्षात घ्यावे.

पैशाबाबत माझी एक अट असते: प्रत्येक उपायासमोर जबाबदार खाते, मुदत आणि देशाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पातील शीर्षक लिहिलेले नसेल, तर तो उपाय मसुद्यातून काढून टाकावा. दोनशे उपायांपैकी दहांना निधी मिळण्यापेक्षा पंधरा उपाय पूर्ण निधीसह असणे कितीतरी चांगले. परदेशी मदत घेण्यास हरकत नाही, पण समुपदेशकांचे पगार तिच्यावर अवलंबून ठेवू नयेत. प्रकल्प संपला की समुपदेशक जातो, आणि ज्या मुलाने मोठ्या कष्टाने एका माणसावर विश्वास टाकला होता, त्याच्या आयुष्यातून आणखी एक माणूस निघून जातो.

मूल्यमापन कठीण आहे, कारण न झालेला हल्ला मोजता येत नाही. म्हणून किती शिबिरे झाली आणि किती लोक आले हे मोजले जाते. त्याऐवजी मी पुढील गोष्टी मोजायला सांगते: स्वतःहून किती फोन आले आणि त्यांतील किती कुटुंबांकडून, फोन आणि पहिली भेट यांत किती दिवस गेले, किती जणांनी मदत अर्ध्यावर सोडली आणि का, किती प्रकरणांत गोपनीयता मोडली गेली आणि कोणत्या कारणाने, एकाच समाजगटाचे प्रमाण अवाजवी आहे का, किती तक्रारी आल्या व किती मान्य झाल्या. कुटुंबांकडून स्वतःहून येणारे फोन वाढत असतील तर विश्वास वाढतो आहे असे समजायला आधार आहे. ही आकडेवारी, नावे उघड न करता, दरवर्षी संसदेपुढे ठेवावी आणि तपासणी सरकारबाहेरच्या संस्थेने करावी. धोरणाला मुदत असावी, पाच वर्षांहून अधिक नसावी, आणि मुदत संपण्याआधी वर्षभर पुनर्विलोकन सुरू व्हावे.

शेवटी, ज्या कलमाकडे जवळजवळ प्रत्येक समिती दुर्लक्ष करते, ते हल्ल्यानंतरच्या आठवड्याबद्दलचे. धोरण कितीही चांगले असले तरी कधीतरी हल्ला होईल, आणि हल्लेखोर किंवा त्याचा भाऊ कधीकाळी त्या सल्लाकेंद्रात येऊन गेला होता असेही निघेल. त्या आठवड्यात समुपदेशकांच्या फायली उघडा, कायदा बदला, सेवा बंद करा अशा मागण्या येतील, आणि त्या दुःखातून आलेल्या असल्यामुळे त्यांना सामोरे जाणे सोपे नसेल. म्हणून त्या काळातील नियम शांत काळातच संमत करून ठेवावेत: हल्लेखोराची फाइल न्यायालयाच्या आदेशानेच आणि त्या एका प्रकरणापुरतीच उघडेल, इतरांच्या फायलींना हात लागणार नाही, सेवेत काय चुकले याची चौकशी स्वतंत्र मंडळ करेल आणि अहवाल प्रसिद्ध होईल, संशयिताच्या समाजातील लोकांना, शाळांना आणि प्रार्थनास्थळांना पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळेल, बळींच्या कुटुंबांसाठी नेमलेला एक अधिकारी त्यांच्या सोबत राहील, आणि सल्ल्याचा दूरध्वनी त्या दिवशीही, नेहमीच्याच नियमांनी, चालू राहील, त्यासाठी जादा माणसे कुठून आणायची हे आधीच लिहिलेले असेल. त्याच दिवसांत आणखी कोणी आई आपल्या मुलाच्या खोलीत काहीतरी पाहून तो क्रमांक फिरवण्याची शक्यता इतर कोणत्याही दिवसापेक्षा जास्त असते.